कृपया आरशात पाहावे

बेंजामिन साळवे यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पांढरं बटण असे. ते त्या शर्टाचं नसे. शर्टाची बटणं जागच्या जागी, गळ्यापर्यंत लावलेली असत. खिशातलं बटण वेगळं होतं. चार भोकांचं, मागे मेणाचा ठिपका लावलेलं. फोटो काढण्यापूर्वी साळवे ते समोरच्या पडद्यावर, चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवत. छपाईच्या वेळी ती कड कापली जाई. त्यामुळे त्यांनी काढलेले शेकडो फोटो लोकांनी पाहिले, पण बटण कोणी पाहिलं नाही.

साळवे नगरचे. शिक्षण तिथल्या मिशनच्या शाळेत, नोकरी दिल्लीत. केंद्र सरकारच्या एका खात्यात जुन्या मूर्तींचे फोटो काढून ठेवण्याचं काम होतं, ते त्यांनी सव्वीस वर्षं केलं. मूर्तीशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करायची, म्हणजे उंची कळते. नाकाची सावली ओठावर पडू द्यायची नाही. फोटोच्या पाकिटावर छापील रकाने असत. ठिकाण, दगड, उंची, आणि शेवटी ‘विशेष/दोष’. त्या शेवटच्या रकान्यात नाक तुटलेलं, हात गेलेला, पाय झिजलेले, असं लिहायचं. ख्रिस्ती माणूस दिवसभर विष्णूचे फोटो काढतो म्हणून कचेरीत कोणी थट्टा केली तर साळव्यांचं उत्तर ठरलेलं असे. “देव तुमचे. डावं-उजवं माझं.”

हे उत्तर त्यांना एका चुकीने शिकवलं होतं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि कमळ कोणत्या क्रमाने आहेत, त्यावर त्या मूर्तीचं नाव ठरतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साळव्यांनी अंधारखोलीत एक निगेटिव्ह उलटी लावली. डाव्याचं उजवं झालं. फोटो खात्याच्या ग्रंथात छापून आला आणि एका विद्वानाने त्यावर लेख लिहिला, की हा प्रकार या भागात पहिल्यांदाच आढळतो. साळवे घाबरत साहेबांकडे गेले. शुद्धिपत्र काढू या म्हणाले. साहेब म्हणाले, “लेख छापून आलाय. आता राहू दे.”

“ते राहिलंच,” साळवे सांगत. “ग्रंथालयात अजून तसंच आहे. मी देवाचं नाव बदललं आणि कोणाला कळवलंही नाही.”

बटण त्यानंतर आलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून गाझियाबादजवळ वैशालीत राहायला आले. सरकारी नोकरांची सोसायटी होती. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. साळवे तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी तेव्हा एका वृत्तसंस्थेत उपसंपादक होते. ते मला ‘संपादकबाई’ म्हणत. मी संपादक नाही हे मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. त्यांच्या पत्नी रूथकाकू खाली येताना प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेत, आणि आमच्या मजल्यावर थोडा जास्त वेळ घेत, कारण आमच्याकडे मराठी बोलायला मिळे. त्यांच्या मुलीचं मराठी दिल्लीत वाढता वाढता निम्मं हिंदी झालं होतं. ती म्हणे, “आई, बिल्कुल टेन्शन घेऊ नको, मी आणते ना यार.” काकू माझ्याकडे बघत. “आईला यार म्हणते.” साळवे पेपरातून डोकं न काढता म्हणत, “मग आहेसच की.”

निवृत्तीनंतरचं त्यांचं काम नोएडात सुरू झालं. तिथे त्या वर्षांत कॅसेटचे कारखाने निघत होते. खुराना नावाच्या एका तरुण मालकाच्या वडिलांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. मुलाने त्याच शेडमध्ये कॅसेटच्या डब्या बनवायला घेतल्या आणि पाठोपाठ गाणीही. भजनं, जागरणाची गाणी, हरियाणवी रागिण्या, पॉप. प्रत्येक कॅसेटला कव्हर लागे आणि कव्हरला फोटो. साळवे आठवड्यातून तीन दिवस बस बदलून तिथे जात. कव्हरवरच्या चार ओळी लिहायचं काम त्यांनी मला मिळवून दिलं, त्यामुळे मीही कधी कधी सुट्टीच्या दिवशी बरोबर जाई.

त्यांची पद्धत मूर्तींचीच होती. गायकाला स्टुलावर बसवून ते आधी पाच मिनिटं त्याच्याभोवती फिरत. मग कागद-पेन्सिल घेऊन उजेड कुठून येतो त्याची आकृती काढत. मग बटण. “हसू नका” असं ते कोणाला सांगत नसत, पण त्यांच्यासमोर कोणी हसत नसे. एका भजनगायिकेच्या शेजारी त्यांनी सवयीने पट्ट्यांची काठी उभी केली. तिने नम्रपणे विचारलं, “भाईसाहब, ये किस देवता का है?” साळवे म्हणाले, “ये नाप का है.” तिने काठीला नमस्कार केला.

दुसरी गोष्ट पॉप गायकाची. दिल्लीतल्या रोहिणीहून एक मुलगा आला होता. चामड्याचं जाकीट, केस उडवायला पंखा, हातात गिटार. साळव्यांनी कॅमेरा लावला, खाली वाकले, परत उभे राहिले.

“बजाओ.”

“अंकल, फोटो है. आवाज़ थोड़ी आएगी.”

“उँगलियाँ दिखेंगी. बजाओ.”

मुलाने इकडेतिकडे पाहिलं. “आती नहीं, अंकल.”

“तो क्या आता है?”

मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, “मोटरसाइकिल चलाता हूँ.”

साळव्यांनी गिटार भिंतीला टेकवली, मुलाला त्याच्या मोटरसायकलवर बसवून फाटकापाशी फोटो काढला. हँडलवर दोन्ही हात, एक बोट ब्रेकवर. ती कॅसेट खूप चालली. मोटरसायकलमुळे चालली, असं खुरानाचं मत झालं आणि तेव्हापासून साळव्यांना बाजार कळतो अशी त्याची समजूत होती. साळव्यांनी ती दूर केली नाही. त्यांना त्यातून एवढंच हवं होतं की मांडणी विभागात त्यांचं ऐकलं जावं. मांडणी करायला तिवारी नावाचा कामसू माणूस होता. साळव्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात हिंदीत दोन नियम लिहून त्याच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवले होते. पहिला : बटण डावीकडे पाहिजे. दुसरा : बटण दिसत नसेल तर वाद्य पाहा, वाजवणाऱ्याचा हात उलटा दिसला तर स्लाइड उलटी आहे, सरळ करून घ्या.

तिवारी ते नियम पाळत असे. पुढे जे झालं ते त्यामुळेच.

शब्बन खाँ सारंगी वाजवत. शाहदऱ्याला राहत. आयुष्यभर त्यांनी रेडिओवर साथ केली होती, स्वतःच्या नावाची कॅसेट निघाली नव्हती. खुरानाच्या आईने त्यांची सारंगी तरुणपणी रेडिओवर ऐकली होती आणि तिने मुलाच्या मागे लागून ही कॅसेट काढायला लावली. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झालं. फोटोसाठी खाँसाहेब एका सकाळी मुलाच्या स्कूटरवरून सारंगी मांडीवर घेऊन आले. साठीचे, बुटके, पांढरा कुर्ता, पान खाऊन लाल झालेले ओठ काळजीपूर्वक पुसलेले.

ते स्टुलावर न बसता खाली सतरंजीवर बसले आणि अंग वळवून बसले. साळव्यांनी सरळ बसायला सांगितलं. ते जरासे सरळ झाले, पुन्हा वळले. तिसऱ्या वेळी साळव्यांना कारण दिसलं. सारंगीचा गज खाँसाहेबांच्या डाव्या हातात होता. इतर सारे सारंगीवाले गज उजव्या हाताने ओढतात आणि डाव्या हाताच्या नखांनी तार दाबतात. यांचं सगळं उलट होतं. वाद्यही उलट्या खुंट्यांचं, मेरठच्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेलं.

“फोटो में हाथ आएगा?” खाँसाहेबांनी विचारलं.

“आपको नहीं चाहिए?”

“मुझे तो… लोग पूछेंगे, साहब. रेडियो में यही आराम था. हाथ नहीं दिखता.”

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. वडीलही सारंगीये होते. मुलगा डाव्या हाताने गज धरतो हे पाहून त्यांनी त्याच्या कुर्त्याची डावी बाही हातासकट अंगाला शिवून टाकली होती. रोज सकाळी आई शिवायची, रोज संध्याकाळी उसवायची. असं दोन वर्षं चाललं. उजव्या हाताने सूर लागला नाही. शेवटी वडिलांनी शिकवणं सोडलं आणि मुलगा मामाकडे शिकला. पुढे मैफलीत त्यांना कडेला, खांबाआड बसवत, कारण त्यांचा गज गाणाऱ्याच्या अंगावर जाई. जुने फोटो होते, त्यांत ते अर्धे कापलेले होते.

हे सगळं त्यांनी हसत सांगितलं. साळवे हसले नाहीत. त्यांनी कॅमेऱ्याची तिकाटणी उचलून बरोबर समोर आणली.

“खाँसाहब, हाथ ही आएगा. जैसा है, वैसा. मेरी ज़बान है.”

खाँसाहेबांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि गज तारेवर ठेवला. साळव्यांनी फोटो घेण्याऐवजी त्यांना वाजवू दिलं. वीसेक मिनिटं वाजवत होते. खोलीत खाँसाहेब, त्यांचा मुलगा, साळवे आणि मी असे चौघं होतो आणि दारात बादल्यांच्या काळापासूनचा एक फोरमन. फोटो त्या वाजवण्यात कधीतरी निघाला. स्लाइड धुऊन आली तेव्हा मी पाहिली. चेहरा थोडा खाली, डोळे मिटलेले, आणि डावा हात चित्राच्या मध्यभागी, मनगटाची शीर दिसेल इतका स्पष्ट.

स्लाइड आली त्याच्या दुसऱ्या दिवशी साळवे पुतणीच्या लग्नासाठी नगरला गेले. जाण्याआधी स्लाइड पाकिटात घालून तिवारीकडे दिली. निवृत्त होताना खात्यातली कोरी पाकिटं त्यांनी मागून आणली होती आणि अजून तीच वापरत. त्यावर लिहिलं : शब्बन खाँ, सारंगी, नोएडा. ‘विशेष/दोष’ हा रकाना कोरा.

ते परत आले त्या संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात कॅसेटच्या कव्हरचं छापील कार्ड होतं.

“संपादकबाई, यात चूक काढा.”

मी चष्मा लावला. मजकूर माझाच होता. मी तो छपाईआधी तीनदा वाचला होता. चौथ्यांदा वाचला. ‘उस्ताद’ बरोबर, ‘सारंगी’ बरोबर, रागांची नावं बरोबर.

“नाही दिसत.”

“अक्षरं नका बघू.”

मग मी चित्राकडे पाहिलं. खाँसाहेब उजव्या हाताने सारंगी वाजवत होते.

साळवे आत आले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, “उद्या रजा मिळेल का? माझ्याबरोबर चला. कोणीतरी असू दे.”

नोएडात तिवारीने सगळं सरळ सांगितलं. लॅबने स्लाइड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून दिली होती. बटण पुठ्ठ्याखाली गेलं. बटण दिसेना, म्हणून त्याने दुसरा नियम लावला. गज डाव्या हातात दिसला, म्हणजे स्लाइड उलटी. त्याने ती सरळ करून घेतली.

“सर, लिफ़ाफ़ा भी देखा था मैंने,” तिवारी म्हणाला. “कुछ ख़ास होता तो आप लिखते हैं. आप तो नाक टूटी हो तो भी लिखते हैं.”

साळव्यांनी भिंतीवरचा स्वतःचा कागद पूर्ण वाचला, जणू दुसऱ्या कोणीतरी लिहिला होता. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “लिहायला पेन उघडलं होतं. पण वर छापलंय ‘विशेष/दोष’. त्या रकान्यात माणसाचा हात कसा लिहू?”

तिवारीला ते कळलं नाही. त्याने विचारलं, “सर, ग़लती मेरी?”

“नहीं. तुमने ठीक किया. ग़लती मेरी है.”

खुराना केबिनमध्ये होता. कार्डं सगळी छापून झाली होती. बऱ्याच कॅसेट डब्यांत भरून झाल्या होत्या आणि काही खोकी बाजारात गेलीही होती.

“साळवेजी, किसको पता चलेगा?” तो म्हणाला. “उलटा लोग ये नहीं कहेंगे कि उस्ताद को पकड़ना ही नहीं आता. मम्मी को दिखाया. मम्मी बोलीं, हैंडसम लग रहे हैं.”

“उनको पता चलेगा.”

“उनको मैं समझा दूँगा.”

“नहीं. मैं बताऊँगा. ज़बान मैंने दी थी.”

दुपारी आम्ही शाहदऱ्याला गेलो. अरुंद जिन्याची दोन खोल्यांची जागा. खाँसाहेबांना कॅसेटबद्दल आलोत हे कळलं तेव्हा त्यांनी आतून बेगमना बोलावलं, मुलाला बोलावलं, सुनेने डोक्यावर पदर घेतला. साळव्यांनी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि लगेच सांगितलं. तसबीर उलटी छापली गेली. चूक माझी. नगरला गेलो होतो, पाकिटावर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. पाच-सहा वाक्यांत सगळं झालं. मी बातम्या लिहिणाऱ्यांत आयुष्य काढलं, इतकी सरळ कबुली फार वेळा ऐकलेली नाही.

खाँसाहेब कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. सून आत गेली.

“दो साल अब्बा ने आस्तीन सिलवाई,” ते शेवटी म्हणाले. “जो अब्बा से न हुआ, वो आपके कारख़ाने ने कर दिया.”

मुलगा खाली बघू लागला. साळवे ताठ बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बेगम मात्र उठल्या. त्यांनी कार्ड नवऱ्याच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “ये तो किसी और के मियाँ हैं.”

खाँसाहेबांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून दाढीचा आरसा काढला, कार्ड त्याच्यासमोर धरलं आणि मान वाकडी करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आरशात गज डाव्या हातात होता.

“लीजिए. यहाँ तो मैं ही हूँ.”

त्यांनी आरसा साळव्यांकडे दिला. साळव्यांनी पाहिलं आणि मला दिला. चित्र जसं निघालं होतं तसं त्यात होतं.

“एक बात बताइए साहब,” खाँसाहेब म्हणाले. “डिब्बी के अंदर जो बज रहा है, वो तो उलटा नहीं न?”

“वो वैसा ही है जैसा आपने बजाया.”

“तो चाय पीजिए. छोड़िए.”

साळव्यांनी चहा प्यायला. सोडलं नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. शाहदऱ्याचा पूल ओलांडला. मग म्हणाले, “शुद्धिपत्र काढायचं. लिहा.”

मी पर्समधून डायरी काढली. त्यांनी सांगितलं ते असं : कव्हरचं चित्र उलटं छापलं आहे, कृपया आरशात पाहावे, उस्ताद डाव्या हाताने वाजवतात. मी शेवटचं वाक्य वर घेतलं, कारण महत्त्वाचं आधी द्यायचं असतं. शेवटी ‘चुकीबद्दल खेद आहे’ असं जोडलं. ते त्यांनी खोडायला लावलं.

“खेद आत्ता सांगून आलो. कॅसेट घेणाऱ्याला माझ्या खेदाचं काय करायचंय? त्याला हात दिसू दे.”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खुरानाकडे गेले. छापून झालेली कार्डं परत छापायला तो तयार नव्हता आणि साळव्यांनीही ते मागितलं नाही. चिठ्ठी मात्र मागितली. खुरानाने पुष्कळ समजावलं, आपणच आपली चूक का सांगायची, हे कोण करतं. साळवे समोर उभे राहिले. शेवटी मोटरसायकलवाला फोटो आठवून असेल किंवा आईच्या धाकाने, तो म्हणाला, “ठीक है. परची छाप लो. पर मेरी पैकिंग की लड़कियाँ नहीं रुकेंगी. नया माल लाइन में है.”

“मैं डाल दूँगा,” साळवे म्हणाले.

चिठ्ठ्या हिंदीत छापल्या गेल्या. बसच्या तिकिटाएवढ्या, पिवळसर कागदावर, तीन ओळी. साळवे पॅकिंगच्या शेडमध्ये एका लाकडी खोक्यावर बसले आणि भरलेली खोकी एकेक उघडू लागले. डबी उघडायची, चिठ्ठीची घडी कार्डाच्या आत सरकवायची, डबी बंद करायची. हे नऊ दिवस चाललं. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुली तिथे काम करत. पहिल्या दिवशी त्या लाजल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यांचं नाव ‘परचीवाले अंकल’ ठेवलं.

“अंकल, शीशा भी साथ में डाल दो.”

“अंकल, हमारी फोटो भी उलटी करवा दो, क्या पता सुंदर लगें.”

“तुम दोनों तरफ़ से एक जैसी हो,” साळवे डबी बंद करत म्हणत, आणि त्या मुली ही स्तुती आहे की नाही यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाद घालत.

पाचव्या दिवशी खाँसाहेब आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते शेडच्या दारात थोडे उभे राहिले, मग चपला काढून साळव्यांच्या शेजारी खोक्यावर बसले आणि चिठ्ठ्या घालू लागले. हे मला नंतर तिवारीने सांगितलं. खाँसाहेब डाव्या हाताने घालत आणि साळवे उजव्या हाताने, त्यामुळे दोघांची कोपरं मध्ये आपटत होती. तेव्हा साळवे उठले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

ती कॅसेट फार चालली नाही. सारंगीच्या कॅसेट चालतात तेवढी चालली. खाँसाहेब त्यानंतर सहा वर्षं होते. भिंतीवर साळव्यांनी तिसरा नियम लिहिला : काही कळलं नाही तर ज्याचा फोटो आहे त्याला विचारा. आणि घरातल्या उरलेल्या सगळ्या पाकिटांवर ‘दोष’ हा शब्द बसून काळ्या शाईने खोडला. मी विचारलं, एवढी पाकिटं वापरून होणार आहेत का? ते म्हणाले, “नाही होणार. पण कोणी उघडून बघेल.”

एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. चिठ्ठी नसलेली खोकी आधीच बाजारात गेली होती. कुठे गेली याची यादी त्यांनी खुरानाच्या कारकुनाकडून उतरवून घेतली होती. दिल्ली, मेरठ, रोहतक, लुधियाना. रूथकाकूंनी मला एकदा जिन्यात थांबून सांगितलं, “आमच्याकडे लुधियानाला कोणी नाही. हे दोन दिवस लुधियानाला जाऊन आले. स्वेटर आणायला गेलो म्हणतात. स्वेटर कुठेय?”

नंतर कॅसेट संपल्या, सीडीच्या चकत्या आल्या. खुरानाने शेड विकली, तिथे मोठी काचेची इमारत झाली. साळव्यांचं काम थांबलं. मी बदली होऊन गुडगावला गेले. रूथकाकू गेल्याचं फोनवर कळलं. मी भेटायला गेले तेव्हा साळवे नीट बोलले, माझ्या नव्या कचेरीची चौकशी केली, खिशातून रुमाल काढताना बटण खाली पडलं ते वाकून उचललं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते नोएडातल्या अट्टा मार्केटमध्ये. थंडीतली दुपार होती, रविवार. मी कोणाची तरी वाट बघत एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. समोरच्या फुटपाथवर एक विक्रेता जुन्या कॅसेटचा ढीग चादरीवर ओतून बसला होता. दुकानं रिकामी करताना निघालेला माल. ढिगाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. डोक्याला माकडटोपी, अंगात हातविणीचा स्वेटर, त्याखाली शर्ट गळ्यापर्यंत बंद. मी ओळखलं, पण हाक मारली नाही. ते कामात होते.

ते एकेक कॅसेट उचलत, पाठ बघत, बाजूला ठेवत. बऱ्याच वेळाने एक हातात राहिली. त्यांनी ती उघडली, कार्ड बाहेर काढलं, उलगडलं, बोटाने आत चाचपलं. आत काही नव्हतं. मग स्वेटरच्या आत हात घालून शर्टाच्या खिशातून एक छोटा कागद काढला. मूळचा पिवळसर होता, आता चांगलाच पिवळा दिसत होता. घडी घातली, कार्डाच्या आत सरकवली, डबी बंद केली, अंगठ्याने दाबून पाहिली.

“बाबूजी, लेनी है तो ले लो,” विक्रेता म्हणाला. “सुबह से देख रहे हो.”

“मेरे पास है,” साळवे म्हणाले.

त्यांनी ती कॅसेट ढिगावर परत ठेवली, चित्राची बाजू वर करून. आणि गुडघ्यावर हात टेकून न उठता, चादरीच्या पुढच्या कोपऱ्याकडे सरकले. तिथला ढीग अजून पाहायचा होता.